वाकून काय करता?

जालन्याच्या आमच्या दवाखान्यात सर पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रिया करत आणि मी त्यांच्या रोग्यांना भूल देत असे. रोगी टेबलावर पालथा असे. त्याचा चेहरा माझ्या स्वाधीन, पाठ त्यांच्या. मध्ये हिरव्या कापडाचा पडदा. त्या पडद्यावरून मी सरांना इतकी वर्षे पाहिले की त्यांच्या कपाळावरून घाम कोणत्या वाटेने उतरेल हेही मला ठाऊक झाले होते. तरी त्यांच्याविषयी लिहायला बसले की डोळ्यांपुढे येते ती त्यांची पाठमोरी आकृती. खिडकीशी उभी, हात मागे बांधलेले, मान किंचित तिरकी, आणि बाहेर उन्हाने पांढरे पडलेले अंगण.

नवी इमारत झाली तेव्हा व्यवस्थापनाने त्यांना लिफ्टजवळची थंड खोली देऊ केली होती. ती त्यांनी घेतली नाही. लांब व्हरांड्याच्या शेवटची, पश्चिमेची, दुपारी तव्यासारखी तापणारी खोली त्यांनी मागून घेतली, कारण तिच्या खिडकीतून फाटक दिसे. रोगी जीपमधून उतरतो कसा, आधी कोणता पाय टाकतो, उतरल्यावर कशाचा आधार शोधतो, हे सारे त्यांना पाहायचे असे. नातेवाईक दोन्हीकडून धरून आणू लागले की खिडकीतून हाक येई.

"हात सोडा त्यांचा!"

"पडतील ना, साहेब!"

"पडू द्या. दवाखान्यातच पडतील, रस्त्यावर तर नाही ना?"

मग रोगी बिचारा एकटाच, भिंतीला धरत, थांबत, पुन्हा निघत तो व्हरांडा पार करी. तो दारात पोचेपर्यंत सरांचे अर्धे निदान झालेले असे आणि नातेवाइकांचा अर्धा विश्वास उडालेला असे.

उरलेला विश्वास एमआरआयच्या लिफाफ्यापाशी उडे. तो मोठा, चकचकीत लिफाफा लोक देवाच्या तसबिरीसारखा छातीशी धरून आणत. सर तो आदराने घेत, खुर्चीवर ठेवत आणि त्याच्यावर बसत.

"साहेब, फोटोवर बसले तुम्ही."

"माहीत आहे. मला आधी तुमच्याशी बोलायचंय. तो मध्ये मध्ये बोलतो."

त्या बोलण्यालाही एक अट असे. 'दुखतं' हा शब्द वापरायचा नाही. मोंढ्यात पोती उचलणारा एखादा हमाल त्या अटीने पार गोंधळून जाई, डोके खाजवी, आणि मग त्याच्या तोंडून असे काही निघे की मी हातातले कागद खाली ठेवी. एकाने सांगितले होते, कमरेत कुणी तरी कुलूप लावून चावी घेऊन गेलंय. एक म्हातारी म्हणाली होती, "पायात ओली वाळू भरून राह्यलंय कोणी तरी, दोन पावलं टाकली की जड, बसलं की निथळून जाती." सरांचा चेहरा तेव्हा लहान मुलासारखा उजळे. "ऐकलंत, मॅडम? ओली वाळू." कवितेच्या नादात वाढलेल्या मला त्या म्हातारीचा हेवा वाटे, सरांना मात्र त्या वाळूत नस कोणत्या मणक्यापाशी आवळली आहे ते दिसत असे.

त्यांच्या खोलीला मागे आणखी एक दार होते. त्या दारापलीकडच्या खोलीला ते 'कामाची खोली' म्हणत आणि नर्सेस 'सरांची जत्रा' म्हणत. तेथे जमिनीत पक्के केलेले जुन्या ट्रॅक्टरचे सीट होते, एक शिलाई मशीन होते, वाळू भरलेली खताची गोणी होती, विटांची चूल, पाण्याची घागर, खराटा, सळयांच्या कारखान्यातून आणलेली लोखंडाची एक लांब कांब होती. कुणावरही शस्त्रक्रिया करायची की नाही हे ठरवण्याआधी सर त्याला त्या खोलीत नेत आणि म्हणत, "काम दाखवा." ट्रॅक्टरवाला सीटवर बसून मागे वळून नांगर पाहिल्यासारखे करी, शिंपी मशीनचे पायडल मारी, कारखान्यातला कामगार कांबेला हात घाली. त्याचे झाले की सर स्वतः तेच काम करून पाहत. पोटावर पांढरा कोट ताणलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि एवढे मोठे शल्यविशारद चुलीपुढे उकिडवे बसून फुंकर मारत आहेत, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. ज्या पाठीला आपण हात घालणार, तिच्याकडून रोज काय मागितले जाते हे आपल्याही पाठीला कळले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

शस्त्रक्रियागृहात मात्र ते जवळजवळ बोलत नसत. स्क्रूची वाट करणारी सळई हाडात शिरताना एक बारीक करकर होते. टणक हाडात तो आवाज वेगळा, भुसभुशीत हाडात वेगळा, आणि हाडाबाहेर पडण्याच्या बेतात असेल तर आणखी निराळा. सर तो ऐकत. त्या वेळी माझ्या यंत्राचे टिकटिकणेसुद्धा त्यांना नको असे. हाड जाळल्याचा कडवट वास, थंड हवा, दिव्यांचा निर्जीव उजेड. तास उलटून जात आणि आपल्याला पावले आहेत हे मला ती दुखल्यामुळेच कळे. मधूनच पडद्यापलीकडून प्रश्न येई.

"झोपल्यात ना बाई?"

"त्या झोपल्यात, सर. तुम्ही जागे राहा."

"तेच करून राह्यलो."

शस्त्रक्रिया संपली की ते मोसंबी सोलत. हात धुऊन, खिडकीशी बसून, एकेका फोडीवरचा पापुद्रा आतला रस न फुटता काढून ठेवत. नसांच्या पिशवीवर असाच एक पापुद्रा असतो. तो फाटला की रोग्याच्या हालांना पारावार राहत नाही. "बोटं अजून ऐकतात का ते बघतो," असे म्हणत. फोडी वॉर्डात वाटल्या जात. त्यांनी स्वतः एकही खाल्लेली मला आठवत नाही.

आलेल्यांतल्या बहुतेकांना ते शस्त्रक्रिया न करताच परत पाठवत, आणि त्याचा व्यवस्थापनाला जितका राग येई तितकाच रोग्यांनाही येई. सरकारी कचेरीतले एक गृहस्थ हट्टाला पेटले होते. "करून टाका, साहेब. खर्चाचं बघू नका."

"तुमच्या मणक्याला काही झालेलं नाही. तुम्हांला सुट्टी पाहिजे."

"कोण देतं सुट्टी?"

"मी देतो. लिहून देऊ का? पण घरी बसून मोबाईल बघायचा नाही, बायकोबरोबर शेतापर्यंत चालत जायचं."

"मंग कचेरीच बरी," गृहस्थ उठून गेले.

हे सारे हसण्यासारखे होते आणि आम्ही हसतही होतो. पण त्या हसण्याखाली सरांचा एक शीण होता. तो मला पडद्यावरून दिसे. शस्त्रक्रिया उत्तम होते, स्क्रू जागच्या जागी बसतात, फोटो पाहून दूरचे डॉक्टर वाहवा करतात, आणि माणूस उठत नाही, असे होते. दाबलेली नस मोकळी केली तरी ती परत जागी होईलच असे नाही. आम्ही दार उघडू शकतो, आतले कुणी बाहेर येईल का हे आमच्या हाती नसते. अशा रोग्याच्या खाटेजवळ सर खुर्ची ओढून बसत आणि त्याचा पाय नुसता धरून ठेवत.

म्हणूनच असेल, बऱ्या झालेल्यांवरही त्यांचा विश्वास नव्हता. "दवाखान्यात सगळेच बरे असल्यासारखे चालतात, मॅडम. आपलं मन राखतात बिचारे." शस्त्रक्रियेला वर्ष होऊन गेले की एखाद्या रविवारी ते एसटीने, न कळवता, रोग्याच्या गावी जात. कधी मीही सोबत असे. भोकरदनकडच्या एका ट्रॅक्टरवाल्याच्या मळ्यात आम्ही असेच जाऊन उभे राहिलो होतो. तो खताची गोणी पाठीवर घेऊन चालला होता. आम्हांला पाहताच त्याने ती अशी टाकली, जणू ती त्याची नव्हतीच.

"साहेब! तुम्ही इकडं कसे?"

"जात होतो इकडून."

"कुठं?"

"तुझ्याकडं."

त्याची बायको बांधावरून ओरडली, "सांगा त्यांना साहेब, माझं कुठं ऐकून राह्यलेत!" सरांनी गोणीकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले. "गुडघ्यात बसून उचलली का कमरेतून?" "गुडघ्यातून." "मग ठीक. चहा मांडा." परतीच्या एसटीत ते खुशीत होते. गोणी उचलायची नाही हे त्यांनीच बजावले होते. पण शस्त्रक्रियेआधी ज्या माणसाला वाकून मोजासुद्धा घालता येत नव्हता, तो गोणी उचलून चोरासारखा दचकतो, यापेक्षा चांगला निकाल त्यांना नको होता.

गयाबाई आल्या त्या दिवशीही सर खिडकीशीच उभे होते.

शहागडच्या अलीकडे गोदावरीकाठी त्यांचे गाव. सोबत त्यांची लेक मंगल. गयाबाई उंच, काटक, साठीच्या आसपास. पण चालत होत्या पुढे झुकून, जमिनीवर काही शोधत असल्यासारख्या. थोडे चालून थांबत, व्हरांड्याच्या कठड्यावर ओणव्या होत, चेहरा सैल पडे, आणि पुन्हा निघत.

"दुखतं म्हणायचं नाही," सरांनी अट सांगितली.

"बरं. मंग मरतेत म्हणू का? चालाय लागले की पाय मरतेत, साहेब. मांड्यांपासून खाली. वाकून बसले की पुन्हा जिते होतेत."

"वाकलं की बरं वाटतं?"

"वाकलं की बिलकुल काही न्हाई. वाकून दिवसभर बसा म्हणा."

सरांनी माझ्याकडे पाहिले. कण्यातली नसांची नळी अरुंद झाली की हेच होते. माणूस वाकला की नळी थोडी रुंदावते, नसांना श्वास मिळतो. पुस्तकातले लक्षण इतक्या स्वच्छ शब्दांत क्वचित ऐकायला मिळते. त्यांनी लिफाफा खालून काढून फोटो पाहिला. नळी तर अरुंद होतीच, शिवाय कमरेचे खालचे मणके एकमेकांवरून पुढे घसरले होते.

कामाच्या खोलीत गयाबाईंनी चूल पेटवली, घागर उचलली, खराटा फिरवला. सरांनीही तिन्ही केले. "आणखी काय काम करता?"

"आणखी काय? घरीच असते."

मग त्यांनी दोन वाटा समजावून सांगितल्या. एक, फक्त नळी मोकळी करायची. शस्त्रक्रिया लहान, पाठ पहिल्यासारखी वाकेल. पण घसरलेले मणके आणखी घसरू शकतात आणि मग पाय पुन्हा मरतील. दुसरी, नळी मोकळी करून मणके स्क्रू आणि रॉड यांनी बांधायचे, मध्ये त्यांच्याच हाडाचा चुरा भरून ते कायमचे एक करायचे. पाय टिकतील, पण कंबर वाकणार नाही. सर हे दोनदा सांगत. दुसऱ्यांदा रोग्याकडून वदवून घेत. गयाबाईंनी बरोबर सांगितले आणि वर म्हणाल्या, "आता या वयात कुणापुढं वाकायचं हाय, साहेब? चालायचं तेवढं बघा."

मंगल हसली. सरही हसले.

भूल देण्यासाठी मी गयाबाईंचा हात हातात घेतला, तेव्हा त्यांचा तळवा मला विलक्षण मऊ लागला. शेतातल्या उन्हाने हाताची पाठ करपलेली, आणि तळवा मात्र तेल मुरलेल्या लाकडासारखा, उबदार आणि गुळगुळीत. शिरेत औषध गेले, तो हात माझ्या हातात जड झाला. त्या दिवशी सरांची सळई एकदाही चुकीचे बोलली नाही.

काही महिन्यांनी त्या फेरतपासणीला आल्या तेव्हा सरांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. खिडकीतून आम्ही दोघे पाहत होतो. जीपमधून उतरून गयाबाई ताठ, न थांबता, कठड्याला हातही न लावता सबंध व्हरांडा चालून आल्या. मंगल मागे राहिली होती. इतके सुंदर चालणे आमच्या त्या व्हरांड्याने फार वेळा पाहिले नसेल.

"पाय?" सर म्हणाले.

"पाय जिते हायेत, साहेब. आणि आणखी एक सांगायचं हाय. आमच्या मंगलला दिवस गेलेत." त्या थांबल्या. "लई वर्षांनी. आम्ही तर इषय सोडूनच दिल्ता." मंगल दारात उभी राहून पदराशी चाळा करत होती. सरांनी तिचे अभिनंदन केले, वॉर्डातून मोसंबी मागवली. निघताना गयाबाई सहज वळल्या.

"साहेब, तवर मला पाय लांब करून खाली बसता येईन ना? वाकता येईन ना थोडं?"

"कशाला?"

"मंगलचं लेकरू न्हाऊ घालायला."

मग कळले. त्या गावात मूल जन्मले की गयाबाईंना बोलावणे येई. न्हाणीत पाय लांब करून बसायचे, उघड्या नडग्यांवर बाळाला निजवायचे, त्याचे डोके आपल्या पावलांच्या उशीवर. आणि कमरेतून पूर्ण पुढे वाकून तेल लावायचे, टाळू भरायची, पाणी घालायचे. सकाळी एका घरी, मग दुसऱ्या. कैक वर्षे. गल्लीतली तरणीताठी माणसे त्यांच्या नडग्यांवर न्हालेली होती.

"हे तुम्ही सांगितलं नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता.

"तुम्ही काम इचारलं, साहेब. ते काय काम हाय का? पैसा न्हाई, पाणी न्हाई. बोलावलं की जायचं."

"वाकलं की बरं वाटतं, म्हणाला होता."

"व्हय. लेकराला पाणी घालून राह्यले की पायांत जीव यायचा. तेवढाच येळ बरं वाटायचं."

त्या गेल्यावरही सर खुर्चीतच होते. बाहेर ऊन कलले होते, खोलीला तापलेल्या चुन्याचा वास येत होता. मी विचारले, रॉड काढता नाही का येणार? "हाड जुळलंय, मॅडम. आता रॉड काढले काय नि ठेवले काय." आणि मग भिंतीकडे पाहत, "मला लक्षण ऐकू आलं. वाकून काय करता, हे काही विचारलं नाही."

तुम्ही सांगितले होते, त्यांनी होकार दिला होता, असे मी म्हणाले असते. पण ते त्यांनाही माहीत होते आणि त्याने काही भरून येत नव्हते.

त्यानंतर त्यांनी जे केले त्याने सबंध दवाखाना हसला. रोग्यांना देतात तो कमरेचा कडक पट्टा त्यांनी स्वतःला बांधून घेतला, आत पाठीशी लाकडी फळी घातली, आणि तसेच ते सकाळपासून रोगी तपासू लागले. पडलेले पेन उचलायला त्यांना अख्खे शरीर खाली न्यावे लागे. "सर, पाठ गेली की काय?" नर्सेस तोंडाला पदर लावत. "गयाबाई," एवढेच ते म्हणत. दुपारी कामाच्या खोलीत चटईवर पाय लांब करून बसत आणि हात पुढे नेऊन पाहत. हात गुडघ्यांपाशी थांबे. फळी नसतानाही त्यांचा हात फारसा पुढे जात नसे, ही गोष्ट निराळी.

त्यातून त्यांना एवढे उमगले की कंबर गेली तरी खुबे उरतात. गयाबाईंना ते नियमाने बोलावू लागले. मांडीच्या मागचे स्नायू ताणायला लावत, स्वतः शेजारी बसून ताणत. "वाकणं कमरेत शोधू नका. खुब्यात शोधा." गयाबाई घामाघूम होत. हात महिन्यागणिक पुढे सरकत होता. गुडघा, गुडघ्याखाली थोडे, आणखी थोडे. मंगलचे पोटही दिसू लागले होते. त्या दोन गोष्टींची जणू शर्यत लागली होती, आणि आम्ही तिघेही ती पाहत होतो.

मंगलला मुलगी झाली. फोन गयाबाईंचाच होता. न्हाऊ कोण घालतेय, हे सरांनी विचारले. शेजारगल्लीतली एक बाई येत होती. "हात जड हाय तिचा, लेकरू निळं पडोस्तर रडतं. आणि मी खुर्चीवर बसून बघते, पाटलासारखी." सर म्हणाले, "रविवारी तिला येऊ नका म्हणावं. आंघोळ आम्ही आल्यावर."

आम्ही पोचलो तेव्हा चुलीवर हंडा तापत होता. बाळंतिणीच्या घराचा वास उंबऱ्यापासूनच सुरू झाला; ओवा, शेपा, धुरीचा निखारा, कोमट तेल, आणि त्याखाली ओल्या दुपट्यांचा आंबूस, दुधाळ दर्प. मंगल कान बांधून बसली होती. तिच्या मांडीवर ते गुलाबी, सुरकुतलेले, मुठी आवळलेले मूल.

"बसा," सर गयाबाईंना म्हणाले. "मला बघू द्या."

गयाबाई न्हाणीत भिंतीला धरून सावकाश खाली बसल्या, पाय लांब केले. पाठ फळीसारखी सरळ. मंगलने बाळ त्यांच्या नडग्यांवर ठेवले, डोके पावलांवर. गयाबाईंनी तेलात हात बुडवला आणि पुढे झुकल्या. बाळाची पावले, पोटऱ्या, मांड्या, पोट. तिथवर तो मऊ तळवा गेला. बाळ ओठ हलवत स्वस्थ पडले होते. छातीपाशी हात थांबला. त्यांनी श्वास सोडला, दात आवळले, पुन्हा झुकल्या. मानेच्या शिरा ताठ झाल्या. हात तिथेच.

"टाळू राहती, साहेब," त्या म्हणाल्या. "टाळू न्हाई भरली तर न्हाऊ घालून उपेग काय?"

"उलटं ठेवलं तर? डोकं गुडघ्याकडं?"

"मंग डोक्याला उशी कशाची? पाणी सगळं तोंडावर."

हंड्यातले पाणी उकळी फुटायच्या आधी गुणगुणते तसे गुणगुणत होते. सरांनी बूट काढले. मोजे काढले. पँट गुडघ्यांच्या वर गुंडाळली.

"अगं बाई! साहेब, हे काय करून राह्यले?"

"पाय माझे घ्या. तुम्ही शेजारी स्टूल घेऊन बसा. वाकायला कमी लागेल."

"मॅडम, सांगा ना यांना!" मंगल माझ्याकडे वळली. मी बाळ उचलून घेतले होते. काही सांगावे असे मला वाटले नाही.

सर ओल्या फरशीवर बसले. त्यांचे पांढरेफटक, केसाळ पाय न्हाणीत अर्ध्यावर अडले. गुडघे खाली टेकेनात.

"गुडघे खाली घ्या," गयाबाईंचा आवाजच बदलला. "आणखी. पाय जोडा. फट ठेवू नका, लेकरू घसरन. तुमची पाठ तर माझ्याहून ताठ हाय की, साहेब! तुम्हांला कुणी स्क्रू मारले?"

"माझे मीच."

"दिसतेत. पावलं उभी करा. आता हलायचं न्हाई."

मी बाळाला त्या परक्या, थरथरत्या नडग्यांवर ठेवले. ते दचकले, तोंड वेडेवाकडे केले, रडू आले. सरांनी हात पुढे नेले. ते बाळाच्या कमरेपाशी पोचले आणि तिथेच दोन्हीकडून आधार देऊन राहिले. गयाबाई स्टुलावर बसल्या. खुब्यातून, शिकल्याप्रमाणे, पुढे झुकल्या. हात छाती ओलांडून गेला, टाळूच्या वर आला, आणि तिथेच हवेत थांबला. टाळू अजून वीतभर खाली होती. आम्ही सारे ती वीत पाहत होतो.

गयाबाईंनी हात मागे घेतला नाही. दुसऱ्या हाताने तेलाची वाटी उचलली, थांबलेल्या हातावर नेली आणि बोटांच्या टोकांवर तिरपी केली. कोमट तेलाची एक धार, शिवणकामाच्या दोऱ्याएवढी, त्या वीतभर हवेतून उतरली आणि बाळाच्या धडधडत्या टाळूवर टेकली. बाळाचे रडणे मध्येच अडखळले. डोळे उघडले.

"हलू नका, साहेब."

सर हलले नाहीत. त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आलेले मला दिसत होते.

"मंगल, तळवा ठेव तिथं. दाबू नको. चोळू नको. नुसता ठेव."

मंगल सरांच्या पावलांशी गुडघे टेकून बसली आणि तिने आपला कोरडा, भीतभीत धरलेला तळवा लेकीच्या टाळूवर ठेवला. तेल तिच्या बोटांमधून वर आले. बाळ निवले. गयाबाई मान डोलावत राहिल्या, बराबर, बराबर, असेच. आणि त्यांचा स्वतःचा हात, तेलाने भिजलेला, जिथे थांबला होता तिथेच, हवेत, बराच वेळ तसाच राहिला.